कमानीच्या डाव्या खांबातला धाकल्या

मंगळे,

मायना काय लिहावा यात मी वेळ घालवणार नाही. तुला वाचता येत नव्हतं आणि मला गोड लिहिता येत नाही, त्यामुळे आपलं बरं जमतं. तुझा दगड अजून माझ्या अंगणात आहे, पेरूला टेकवून ठेवला होतास तसाच. परवा दूधवाला त्यावर किटली ठेवायला गेला. मी ओरडले, तर म्हणाला, "बाई, हा कुठला देव?" मी म्हटलं, "देव नाही. मंगळीचा बाप आहे. किटली खाली ठेव." बिचाऱ्याने अशी घाईने उचलली की दूध सांडलं. त्या दिवशी चहा बिनदुधाचा झाला, त्याला जबाबदार तू.

कमानीवर गावात बरंच छापून आलं. वर्धापनदिनाच्या पुरवण्या, स्मरणिका, अध्यक्षांचा सत्कार. त्यात तुझं नाव एकदाही नाही. तेव्हा आता तू नेहमीसारखी उंबऱ्यावर बस. मी वाचणाऱ्यांना सांगते. कुठे चुकले तर अडव, तशी तू कधी भीड ठेवली नाहीसच.

मंगळी ही धाकल्याची मुलगी. बेचाळीस साली पाऊस सरता सरता भोरदऱ्याच्या खिंडीत चळवळीतल्या पोरांनी दरड ढकलून रस्ता अडवला. पोलिसांची गाडी आली, गोळीबार झाला, तिघे गेले. दोघे शिकणारे होते आणि तिसरा पाड्यावरचा, तो धाकल्या. ही आमची खिंडीची लढाई. चुलीवर भात शिजायला लागतो तेवढा वेळ चालली असेल. भाषणांत ती दिवसभर चालते आणि पोलिसांच्या गाड्या दर वर्षी वाढतात.

ब्याऐंशी साली लढाईला चाळीस वर्षं झाली म्हणून स्मारक समिती निघाली. तीत एक बाई हवी होती आणि मी मुलींच्या शाळेतून नुकतीच निवृत्त झाले होते. अध्यक्ष केसरीनाथराव. ते स्वतः खिंडीत होते, मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा, आणि जिवंत परतलेल्यांपैकी तेवढेच उरले होते. पहिल्याच बैठकीत ठरलं की खिंडीकडे रस्ता फुटतो तिथे दगडी कमान उभी करायची. मी म्हटलं, कमान कशाला, त्याच फाट्यावर मुली एसटीची वाट बघत उभ्या असतात, त्यांच्यासाठी मुतारी बांधा, तीन हुतात्म्यांची नावं तिच्यावर घाला, मुली दुवा देतील. मग केसरीनाथराव म्हणाले, "प्रमोदिनीबाई, विषय गंभीर आहे." आणि पुढे त्यांनी ठराव मांडला की कमानीला बाहेरचा एकही दगड लागता कामा नये, ती रणभूमीच्याच पाषाणातून उभी राहील. टाळ्या पडल्या. सगळ्या गोष्टीचं मूळ त्या टाळ्यांत आहे, म्हणून सांगितलं.

चौऱ्याऐंशीत गावात दंगल पेटली, त्यानंतर कमानीची आठवण काढायची कुणाची छाती नव्हती. शहाऐंशीत काम सुरू झालं. कंत्राटदाराने खिंडीतून ट्रॅक्टर भरभरून दगड आणले. कमान देखणी झाली, हे मान्य करते. उजव्या खांबावर संगमरवरी पाटी लागली. तिच्यावर तिघांची नावं, दोघांची आडनावासकट आणि खाली नुसतं 'धाकल्या'. पाटीवर एक चित्रही कोरलं होतं, त्यात तिघांच्या हातात तलवारी. बेचाळीस साली तलवारी कुठून आल्या, असं मी विचारलं. प्रतीकात्मक आहेत, असं उत्तर मिळालं.

उद्घाटनाच्या दिवशी सगळा मांडव उजव्या खांबाकडे तोंड करून बसला होता. हार, फोटो, सनई तिकडेच. डाव्या खांबाशी एक बाई उकिडवी बसून तांदळाची चिमूट ठेवत होती. गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं, हातावर चुन्या-सिमेंटचे डाग. मला वाटलं, गोंधळली असेल.

"बाई, नावांची पाटी तिकडे आहे," मी म्हटलं.

"पाटी तिकडं हाय," ती मान वर न करता म्हणाली. "बापूस इकडं हाय."

"कुणाचा?"

"माझा. धाकल्या."

मला राग आला, तो समितीचा, पण निघाला तिच्यावर. "अगं मग पुढे का आली नाहीस? वारसांनी भेटावं म्हणून आम्ही पेपरात दिलं होतं."

"मी हितंच व्हते की, बाय. घमेली वाहत."

खरंच होतं. वारस सापडत नाहीत म्हणून आम्ही दोन बैठका हळहळलो, आणि वारस खाली उन्हात चुना कालवत होती. मजुरांची नावं विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती.

तिने सांगितलं ते असं. त्यांच्यात कुणी असं अवचित गेलं की त्याच्या नावाने दगड उभा करतात. त्याला चिरा म्हणतात. वर चंद्र-सूर्य, खाली घोड्यावर बसलेला माणूस. मेलेला माणूस त्या दगडात येऊन बसतो, मग तो घरच्यांना त्रास देत नाही, उलट राखण करतो. धाकल्याचा चिरा त्याच्या भावाने खिंडीतच उभा केला होता, तो पडला तिथे. दर वर्षी भात झोडून झालं की मंगळी तिथे जाऊन कोंबडं आणि बाटलीतली चार बोटं द्यायची. त्या वर्षी कमानीच्या कामावरून सुटून ती गेली, तर चिऱ्याच्या जागी खड्डा.

ती तशीच उलट्या पावली गवंड्याकडे आली. गवंडी परमुलखातला, त्याच्या मनात काही पाप नव्हतं. "हां, एक चिकना पत्थर था," तो म्हणाला, "उसपे कुछ घोडा-वोडा बना था. उल्टा करके नीचे बिठा दिया. साहब लोग को साफ मंगता है ना."

म्हणजे धाकल्याच्या स्मारकासाठी धाकल्याचंच स्मारक उपटून, तोंड भिंतीकडे करून चिणलं होतं. रणभूमीच्या पाषाणातून, ठरावात लिहिल्याबरहुकूम.

मी पुढच्या बैठकीत विषय काढला. केसरीनाथरावांना वाईट वाटलं, खोटं नाही. पण इंजिनिअर म्हणाला की तो सगळ्यात खालचा दगड, तो काढला तर डावा खांब बसेल आणि वरचं सगळं खाली येईल. "मग त्या बाईंना सांगा, दुसरा दगड समितीच्या खर्चाने करून देऊ," असं ठरलं. मी ते सांगायला कामतघरला गेले. पाऊसपाण्याचे दिवस सोडले तर मंगळी तिथे तिच्या भाच्याच्या खोलीत राहायची. भाचा चिंतू, तिच्या चुलतभावाचा मुलगा, लूमवर शिफ्टमध्ये काम करायचा, ही कारखान्यांतला कचरा-सूत निवडायची.

"दुसरा?" ती म्हणाली. "बापूस काय दोन हायती?"

"अगं, पण तो काढता येत नाही. कमान पडेल."

तिने सुताचा गुंता सोडवता सोडवता विचार केला. "मंग पडंल तवा नेईन," ती म्हणाली.

ही तिची आणि माझी ओळख. त्यानंतर दहा-अकरा वर्षं ती माझ्याकडे येत राहिली. कधी रानातली करटुली, कधी शेवळं घेऊन, आणि बहुतेक वेळा हात हलवत. उंबऱ्यावर बसायची, आत येत नसे. सगळ्या जगाला अरे-तुरे करायची, मलाही. मला तिच्याबद्दल एकदा कुणी विचारलं, ही तुमच्याकडे कामाला आहे का? मी म्हटलं, नाही, आमच्या समितीची विरोधी पक्षनेती आहे.

कारण समितीला कमान टिकायला हवी होती आणि हुतात्म्याच्या एकुलत्या एका वारसाला ती पडायला हवी होती. नव्वदनंतर तसे दिवसही आले. खिंडीच्या रस्त्याला गोडाऊनं उठली. कापडाच्या गाठींनी शिगोशीग भरलेले ट्रक कमानीपाशी येऊन थांबायचे. क्लीनर खाली उतरून वर बघायचा, "चलो, चलो, धीरे" करायचा, आणि मग घासल्याचा आवाज. मंगळी ते बघायला जायची आणि मला वर्दी द्यायची. परीक्षेचा निकाल सांगावा तशी.

"आज एक आडाकला."

"मग?"

"कायबी न्हाय. ताडपत्री फाटली. कमान हलली न्हाय."

"गवंडी चांगला होता," मी म्हणायचे.

"मुडदा बशिवला त्याचा," ती म्हणायची आणि चहाचा कप पुढे करायची.

समितीने मग कमानीच्या आधी एक लोखंडी अडसर उभारला, उंच ट्रक अलीकडेच अडावेत म्हणून. ती माझ्याशी महिनाभर बोलली नाही. बोलली तेव्हा एवढंच, "तू माझी हायस का त्यांची?" मी म्हटलं, मी मुतारीवाल्यांची. ती मोकळी हसली. तिला ती गोष्ट फार आवडायची.

मी एकदा तिला स्पष्ट विचारलं. तुला एवढं कशासाठी लागलंय? तू त्याला नैवेद्य तर कमानीपाशी देतेसच. ती म्हणाली, "बाय, त्याच्या डोक्यावरनं रातध्याड गाड्या जातात. तोंड भिंतीत. त्यो बघंल काय? त्याला निजाया तरी भेटल का?" आणि मग सांगितलं की खिंडीतला तो खड्डा तिने बुजू दिलेला नाही. दर पावसाळ्यात तो गाळाने भरतो, दर वर्षी ती जाऊन हाताने उपसते. "त्यो येल तवा घर उघडं पायजेल," म्हणाली. मी एम.ए. झालेली. मी म्हटलं, चहा निवतोय.

ब्याण्णवला पन्नास वर्षं झाली. मुंबईहून मंत्री येणार होते. सकाळी मी कमानीपाशी पोचले तर केसरीनाथराव डाव्या खांबासमोर उभे, आणि खाली पिसं, रक्ताचे शिंतोडे, बाटली. मंगळी आपली शांतपणे तांदूळ गोळा करत होती. तिला कुणी कार्यक्रमाची वेळ कळवली नव्हती. तिचं भात झोडून झालं होतं, एवढंच तिचं पंचांग.

"हुतात्म्याच्या पायाशी दारू?" केसरीनाथराव म्हणाले.

"त्यो पीत व्हता," मंगळी म्हणाली.

"बाई, तुम्हांला ठाऊक नाही. आम्ही होतो तिथे. तो तलवारीच्या... तो छातीवर गोळी झेलून पडला."

"तू व्हतास?" तिने पहिल्यांदा मान वर केली. "त्या पोरांत? मंग तुजी बी व्हती का त्यात?"

"काय?"

"चप्पल."

आणि तिने ते सांगितलं. पोरांना वाट माहीत नव्हती म्हणून धाकल्या दाखवायला गेला होता. आवाज नको म्हणून पोरांनी वरच्या टेपाडावर चपला काढून ठेवल्या. गोळ्या सुटल्यावर पोरं त्याने दाखवलेल्या वाटेने अनवाणीच पळाली. धाकल्याही पळाला. पण मग मागे फिरला. एवढ्या चपला रानात टाकून जायच्या, हे त्याच्या बुद्धीला पटेना. त्याने जन्मात पायात चप्पल घातली नव्हती.

"काकानं उचलून आनला तवा काखंत चपला व्हत्या," मंगळी म्हणाली. "आमच्या आयनं वरीसभर जपून ठिवल्या. कोन मागाया येल म्हून. कोन आला न्हाय."

त्या माणसाला त्याच्या लोकांनी घोडा दिला, आम्ही तलवार दिली. त्याला ज्याची किंमत वाटली ती वस्तू दोन्हीकडे नाही.

केसरीनाथरावांनी एकदा खाली पाहिलं, स्वतःच्या पायांकडे. मग म्हणाले, "मंत्रीमहोदयांची गाडी आली वाटतं," आणि निघून गेले. गाडी आली नव्हती. त्यांचं त्या दिवशीचं भाषण फार लहान झालं आणि त्यात पोलिसांची गाडी एकच होती.

पिसं झाडली, जागा फिनेल टाकून धुतली. पुन्हा असं होऊ नये म्हणून समितीने कमानीला राखणदार नेमायचं ठरवलं आणि जो पहिला अर्ज आला तो घेतला. तो चिंतूचा. त्यानंतर दर वर्षी मंगळीची बाटली आमचा पगारी राखणदार धरून उभा असायचा. मी हे समितीत बोलले नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

अखेर कमान ट्रकने पडली नाहीच. स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली त्या वर्षी रस्ता रुंद करायचा हुकूम निघाला. कमान उतरवून 'योग्य त्या जागी' पुन्हा उभी करायची. समितीने निषेधाचं पत्रक काढलं. मी सही केली नाही. मंगळी आली ती कधी नव्हे ते पायऱ्यांवरूनच बोलत.

"बाय, पाडतात."

"कळलं."

"कवा?"

"शिमग्यानंतर म्हणतात."

"शिमग्याआदी पाडाया सांग की. तुझी वळख हाय."

शिमग्यानंतरच पाडली. दगडांवर पांढऱ्या रंगाने आकडे घातले आणि क्रेनने एकेक उतरवला. आम्ही दोघी समोरच्या चहाच्या टपरीवर सकाळपासून बसलो होतो. लोक मला म्हणत होते, "बाई, वाईट वाटतं नाही?" मी म्हणत होते, "फार." शेजारी मंगळी बिस्कीट बुडवून खात होती.

दुपार कलल्यावर खालचा दगड निघाला. चुन्याने लिंपलेला, ओळखू येत नव्हता. मंगळीने कमरेचा विळा काढला आणि खरवडायला बसली. आधी सूर्य निघाला. मग घोड्याचे पुढचे पाय.

"घोडा हाय," ती म्हणाली. लुगड्याच्या पदराने त्याचं तोंड पुसलं आणि तशीच हात ठेवून बसून राहिली.

मुकादम म्हणाला, आकडा घातलेला दगड देता येणार नाही. तेवढ्यात रिक्षातून केसरीनाथराव उतरले, काठी टेकत. त्यांना कुणी बोलावलं होतं ते मला माहीत नाही. दगडाकडे पाहिलं. मुकादमाला म्हणाले, "नेऊ दे. कागदावर माझी सही घे." मग बाजूला चपला काढल्या, पुढे झाले, वाकता येत नव्हतं म्हणून उभ्यानेच हात जोडले. आणि वळून रिक्षात बसून गेले. चपला तिथेच. चिंतू त्या उचलून रिक्षामागे धावला.

"र्‍हाऊ दे रं," मंगळी मागून म्हणाली, "त्याची जुनी सवय हाय."

आता तुझ्याशीच बोलते, मंगळे. वाचणाऱ्यांचं काम झालं.

दगड लगेच खिंडीत न्यायला मी टेम्पो सांगत होते. तू म्हणालीस, असा कधीही बसवत नाहीत, भगत लागतो, आणि भात झोडून झाल्यावरच. इतकी वर्षं थांबलेली तू, तुला आणखी सात-आठ महिने काय. हातगाडीवरून तो माझ्या अंगणात आणला. तू पावसाळाभर येऊन त्याच्याशेजारी बसलीस, मला म्हणालीस की तो आता बरा झोपतो, "तुझ्या घरात कुनी बोलत न्हाय ना." मी बोलत नाही असं माझ्याबद्दल आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

आपलं ठरलं ते असं. पाऊस उघडला की तू आधी जाऊन खड्डा उपसायचा, नेहमीसारखा. वार मात्र भगताला विचारून आधीच धरायचा. बुधवार धरलास. कोंबडं, तांदूळ, बाटली तू आणणार. टेम्पो आणि थर्मासमधून चहा मी. खिंडीत मी एवढ्या वर्षांत एकदाही गेले नव्हते, हेही तू मला ऐकवलंस. "कमान बांधली अन् जागा बघली न्हाय," म्हणालीस. मी म्हटलं, समितीतलं कुणीच गेलं नव्हतं, कंत्राटदार गेला होता.

खड्डा उपसायला जायच्या आधीच तुला ताप आला. कामतघरच्या खोलीत दोन दिवस. चिंतू मला सांगायला आला तो सगळं आटपल्यावर.

त्यानंतर तो स्वतः खिंडीत गेला. पावसाने सगळं सारखं करून टाकलं होतं, कमरेएवढं गवत. तो म्हणाला, "आत्या कुनाला संगं नेत नव्हती. जागा तिलाच ठाव." अंदाजाने कुठेतरी उभा करू का, असं त्याने भगताला विचारलं. भगत नाही म्हणाला. मला विचारलं असतं तरी मी तेच म्हटलं असतं. अंदाजाने त्याला एकदा बसवून झालं आहे.

कमान आता नव्या रस्त्याच्या कडेला उभी आहे. तिच्याखालून रस्ता जात नाही, नुसतंच गवत. एसटीची वाट बघणाऱ्या मुली उन्हाला तिच्या सावलीत उभ्या राहतात. डाव्या खांबात तळाशी एक दगड कमी पडला, तिथे सिमेंट भरलंय.

टेम्पोवाल्याला नको म्हणून सांगायचं कुणाच्या लक्षात राहणार. तो ठरल्याप्रमाणे बुधवारी सकाळी आला आणि गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजवत राहिला. मी बाहेर गेले. त्याने विचारलं, सामान कुठे आहे. मी पेरूखालचा दगड दाखवला. त्याने तो हलवून बघितला, दोन माणसं लागतील म्हणाला.

"आणि बाई, उतरवायचा कुठे?"

ते तू सांगणार होतीस.